पात्रांवाचा शेवटचा पाव

अठ्ठावीस वर्षं मी डुकराचं मांस भाजून पोट भरलं आणि त्यातला एक तुकडाही तोंडात घातला नाही. हे सांगितलं की लोक दोन गोष्टी विचारतात. एक, मग मीठ कसं कळायचं? दोन, बायको घरात घ्यायची का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. घ्यायची, पण विहिरीवर आंघोळ करून आल्यावर.

आमचं घर गोव्याच्या उत्तरेला, पार्स्यात. काजूची थोडी बाग, पाच-सहा माड, मागच्या अंगाला विहीर. थोरला भाऊ डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा, तो तांबड्या मातीनं माखून घरी यायचा. मी किनाऱ्यावरच्या हॉटेलातून चरबीनं माखून यायचो. भाऊ म्हणायचा, "बाबल्या, माझी माती धुतली की जाता. तुझो वास धुतलो तरी रवता." आईला दोघांचंही कौतुक नव्हतं, पण मातीचा विटाळ होत नाही, त्यामुळे माझ्या वाट्याला बोलणी जास्त.

हॉटेलचा मालक इटलीचा, साल्वो त्याचं नाव. आमच्याकडे मालकाला पात्रांव म्हणतात, तसंच मी त्याला शेवटपर्यंत म्हणत आलो. मांद्र्याच्या किनाऱ्याजवळ त्याचं आठ टेबलांचं हॉटेल होतं. मी भांडी घासायला म्हणून गेलो. पहिल्याच दिवशी त्यानं मला स्टुलावर बसवलं, डोळ्यांवर फडकं बांधलं आणि एकामागून एक सहा बरण्या नाकाखाली धरल्या. मी सहाही ओळखल्या. वर सांगितलं की चौथ्या बरणीत आधी मिरी होती, नीट धुतलेली नाही. त्यानं फडकं सोडलं, माझ्या हातातला काथ्या काढून घेतला आणि बाहेरच्या नळावर फेकला. भांडी संपली तिथंच.

पण रांधायचं काय, तर पोर्क. आई हबकली. आमच्याकडे रानडुकराची शिकार कधीमधी व्हायची, तीही घरात नाही शिजायची. विहिरीच्या पलीकडे तीन दगडांची चूल, तिथं पुरुषांनी रांधायची आणि ते टोप वर्षभर गोठ्यात टांगून ठेवायचं. गावडुकराचं तर नावच काढायचं नाही. आई मला सातेरीच्या देवळात घेऊन गेली आणि कौल लावला. देवीच्या अंगाला पाण्यानं फुलांचे कळे चिकटवतात, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. पोरानं हे काम करावं काय? उजवा पडला. पोरानं ते खावं काय? डावा. भटानं सांगितलं, "हातान रांदूंक हरकत नाय. तोंडात घालूंक फाव नाय." मी दुसऱ्या दिवशी पात्रांवाला हे समजावलं. तो खूप वेळ हसला आणि आपल्या मोडक्यातोडक्या कोंकणीत म्हणाला, "नाक तुजें, जीब म्हजी. पुरो."

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. मीठ तराजूवर, चव पात्रांवाच्या जिभेवर आणि बाकी सगळं माझ्या नाकावर.

हॉटेल चालायचं पोर्केत्तावर. ती म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. डुकराच्या पोटाकडचा मोठा चौकोनी पट्टा घ्यायचा, कातडीसकट. आतल्या बाजूनं सुरीनं चौकटी पाडायच्या. त्यात लसूण, मिरी, मीठ, रोजमेरीचा पाला आणि भाजून कुटलेली बडीशेप भरपूर चोळायची. बडीशेप नाही तर पोर्केत्ता नाही, हे पात्रांव दर आठवड्याला एकदा तरी ओरडून सांगायचा. मग अळूवडीची करतो तशी घट्ट गुंडाळी करायची, कातडी बाहेर, आणि दोरीनं आवळायची. रात्रभर उघडी ठेवून कातडी सुकवायची, ओली कातडी फुलत नाही. दुसऱ्या दिवशी चार तास मंद आच आणि शेवटी अर्धा तास मोठी. कातडीवर सुरीच्या मुठीनं टकटक केलं की भाजलेल्या पापडासारखी वाजली पाहिजे. मग पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, कडक गोल पाव, उंडो, चिरायचा, आतली बाजू मांसाच्या रसात बुडवायची, गरम मांस आणि कुरकुरीत कातडी भरायची. इटलीत त्यात कसलासा कडू पाला घालतात. तो इथं कुठला मिळायला! मी मुळ्याचा पाला लसणीवर परतून घातला. पात्रांवानं कपाळाला हात लावला, दोन उंडे खाल्ले आणि पोदेर शिळे पाव देतो म्हणून माझ्यावर ओरडला. तेव्हापासून मुळ्याचा पाला कायम झाला.

त्याची रीतच अशी. माझं रांधप चांगलं झालं की तो पावाला नावं ठेवायचा, टेबलाला ठेवायचा, हवेला ठेवायचा. "बरें जालें" हे शब्द मी त्याच्या तोंडून एकदाच ऐकले होते आणि ते माझ्यासाठी नव्हते. एक नेपाळी रांदपी, म्हणजे आचारी, ठेवला होता, गुणी माणूस, पण चार महिने झाले तरी त्याची कातडी फुलेना. एका दुपारी पात्रांवानं त्याचा पाव शांतपणे खाल्ला, त्याच्या हातावर थोपटलं आणि म्हणाला, "बरें जालें." तो बिचारा खूश. दुसऱ्या दिवशी त्याला पगार देऊन घरी पाठवला. मी विचारलं तर म्हणाला, "ज्याच्याकडून आशा आहे त्याच्यावर ओरडायचं. ज्याच्याकडून नाही त्याला दुखवून काय मिळणार?"

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर हा अंक पुरायचा नाही. एका बाईंना पोर्क सँडविच हवं होतं, पण पोर्क न घालता. दिलं, पाव आणि मुळ्याचा पाला. त्यांना फार आवडलं. पुण्याचे एक गृहस्थ दर डिसेंबरात सहकुटुंब यायचे. बायको टेबलावर, हे आत माझ्याकडे. "चिकन आहे ना हो?" असं मोठ्यानं विचारायचे आणि डोळा मारायचे. मीही मोठ्यानं "चिकनच!" म्हणायचो. पाच वर्षं हे चाललं. सहाव्या वर्षी बाई एकट्याच आत आल्या आणि म्हणाल्या, "ते गेले. मला तेच चिकन द्या." खोटं बोलण्यात काही वावगं आहे असं मला त्या काळात वाटत नव्हतं. समोरच्याला बरं वाटतं, एवढंच.

घरी आलो की विहिरीवर पाण्याची बादली, दोरीवर सुका पंचा आणि दुसरे कपडे तयार. शेवंती, म्हणजे माझी बायको, चार हात लांब उभी राहून कामाचा शर्ट काठीनं उचलायची. नाक मुरडायची, पण तो वास तिला माझ्याइतकाच पाठ झाला होता. "आज लसूण करपली मा?" असं विचारायची आणि ती करपलेली असायची. "आज बरां झालेलां दिसता," म्हणाली की त्या दिवशी पात्रांव पावावरून हमखास ओरडलेला असायचा. बाईनं जन्मात पोर्क बघितलं नाही, पण माझ्या शर्टावरून तिला माझा दिवस कळायचा. आंघोळ करूनच आत यायचं, हा नियम मात्र कधी मोडला नाही. सुरुवातीला मी चिडायचो. घाम गाळून आलेल्या माणसाला एकदा तरी "येवा भितर" म्हणावं की नाही?

मग जगभर ती साथ आली आणि तो आजार मलाही झाला. मी जगलो, पुष्कळ लोक जगले नाहीत, म्हणून तक्रार करायला तोंड नाही. पंधरवड्यानं उठून अंगणात आलो. काजूचे दिवस होते, बोंडांचा ढीग पडून कुजत होता. शेवंती पदर नाकाला लावून म्हणाली, "ह्यां पयलां उचलुया, वासान डोक्यां धरता." मी ढिगाजवळ गेलो, वाकलो, हुंगलं. काही नाही. एक बोंड फोडून नाकाशी धरलं. काही नाही. जिभेला खारट आणि तिखट तेवढं कळत होतं, बाकी सगळं भुशासारखं.

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वर्ष गेलं. शेवंतीनं सातेरीला गाऱ्हाणं घातलं, ह्यांचं नाक परत दे, ओटी भरीन. रोज सकाळी ती माझ्या नाकाखाली काहीतरी धरायची, अबोली, कोथिंबीर, कापूर, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. ते बघणं मला सोसेना. एका संध्याकाळी ती बांगडे तळत होती. तव्यावरून धूर उठलेला मला दिसला आणि मी म्हटलं, "बांगडो करपता गो." ती वळली. "वास इलो तुमका?" मी हो म्हटलं. ती चुलीपाशीच रडायला लागली. पुढच्या शुक्रवारी तिनं देवीची ओटी भरली, गावभर प्रसाद वाटला. आता कुठल्या तोंडानं सांगू, की बाई, नाक नाही आलेलं?

त्यानंतर मी डोळ्यांनी वास घ्यायला लागलो. समोरच्याचं नाक मुरडलेलं दिसलं की "घाण येतेय" म्हणायचं. फूल हातात दिलं की डोळे मिटायचे.

पात्रांवाचं हॉटेल त्या आजारातच कायमचं बंद पडलं. मी दुसरीकडे कामाला लागलो, तर महिन्याभरात लसूण दोनदा जाळली आणि एकदा आंबलेलं मांस गिऱ्हाइकापुढे ठेवलं. नशीब, त्यानं पहिल्या घासाला थुंकलं. तिथला मालक बरा माणूस होता, म्हणाला, "बाबलो, आता घरी बस." मी गावात सांगितलं, वय झालं, निवृत्त झालो. सत्काराचा नारळही घेतला.

पात्रांव आमच्याच गावात राहायला आला होता. देवळाच्या वाटेवर एका घराचे पुढचे दोन खण भाड्यानं घेऊन. पाय सुजलेले, छाती भरून यायची. मी रोज जायचो, दोघं व्हरांड्यात बसायचो. माझ्या नाकाचं त्यालाही खोटंच सांगितलं होतं. गेल्या चैत्रात त्याची भाची आली, त्याला कायमचं न्यायला. सोमवारी संध्याकाळी मोपाहून विमान. शनिवारी सकाळी त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "एक उंडो, बाब्लो. तुज्या हाताचो. उपरांत ना."

मी हो म्हटलं. नाही म्हणायचा धीर नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ते करायचंच होतं. नाक गेलं, पण अठ्ठावीस वर्षांचा हात तर आहे ना? हाताला सगळं पाठ आहे. हे एकदा साधलं, म्हाताऱ्यानं पावाला नावं ठेवली, की मी अजून रांदपी आहे. नाही साधलं तर मी कोण, ते मला ठाऊक नव्हतं.

शेवंतीला विचारलं. तिनं तुळशीकडे बघितलं, मग विहिरीकडे. "शिकारीच्या चुलीर करा. त्या म्हाताऱ्यान आमचां घर चलयलां, कशी नको म्हणू? पण मी नसतंलंय हां. बहिणीकडे पेडण्याक जातंय, सोमवारी दोपारच्या बसीन येतंय." रविवारी सकाळी मी म्हापशाहून मांस आणलं. बडीशेप आणायची राहिली. परत आलो तेव्हा ती बसला निघाली होती. मी हाक मारून विचारलं, "बडीशेप आसा मा गो?"

"फळयेर, तांबड्या झाकणाच्या बरणीत. भाजून कुटून ठेवलीय, पोटाक घेतंय ती."

गोठ्यातलं टोप काढलं, राखेनं घासलं. मांस धुतलं, चौकटी पाडल्या, लसूण ठेचली, मीठ तोललं. हात खरंच चालत होते. मग आत जाऊन फळीवर बघितलं. तांबड्या झाकणाच्या बरण्या दोन होत्या.

दोन्हींत तपकिरी भरड पूड. एक बडीशेपेची, दुसरी कसली ते देव जाणे. मी एक उघडली आणि सवयीनं नाकाशी नेली. मग दुसरी नेली. उजेडात धरून बघितल्या. चिमूटभर जिभेवर ठेवली, भुसा. दुसरी ठेवली, तोही भुसाच. ज्या माणसानं डोळे बांधून सहा बरण्या ओळखल्या होत्या, तो उघड्या डोळ्यांनी दोन बरण्या घेऊन स्वतःच्या घरात उभा होता. मला लाज वाटली. घरात कुणी नव्हतं, तरी वाटली.

फोन काढला. शेवंतीचा नंबर लावला. तिनं उचलला, "काय ओ?" मी दोन्ही बरण्यांकडे बघितलं. काय विचारू? कुठल्या बरणीत बडीशेप आहे? ती काय म्हणणार होती, ते मला ठाऊक होतं. ती म्हणणार होती, वास घेवन बघा. शेजारी जाऊन विचारावं, तर उद्या गावभर. मी म्हटलं, "पोचलंस काय, ता विचारूक केलो." ती म्हणाली, "पोचलंय." मी फोन ठेवला.

एक बरणी जास्त भरलेली होती, एक अर्धी. पोटाला रोज घेते म्हणाली, म्हणजे अर्धी असणार, असा हिशेब केला. अर्धी बरणी सगळी चोळली. गुंडाळी केली, आवळली, रात्रभर बर्फाच्या खोक्यावर जाळीखाली ठेवली.

सोमवारी पहाटे चूल पेटवली. घरी ओव्हन नाही, म्हणून टोपाखाली निखारे आणि झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे, जशी आमच्याकडे थराथरांची गोड बेबिंक भाजतात तशी वरखाली आच. चार तास मी तिथंच बसून होतो. कुठल्या तासाला कसला वास, ते आठवत होतो. आता कच्ची लसूण येत असेल. आता तो ओल्या गोणपाटासारखा वाईट वास, इथं धीर सोडायचा नाही. आता बडीशेप उघडली असेल, गोड. आता शेवटी भाजलेल्या काजूबियांचा. सगळे वास मी डोक्यात घेतले, नाकाला त्यातला एकही आला नाही. शेवटी झाकण काढलं आणि सुरीची मूठ कातडीवर आपटली. पापडासारखी वाजली. मी एकटाच हसलो.

कापताना एक तुकडा फळीवर पडला. आतला, मसाल्याला लागून असलेला. मी तो उचलला. आईची आठवण झाली, देवीचा डावा कळा आठवला, आणि तरी मी तो तोंडात घातला. म्हटलं, एवढं तरी कळू दे. चावला. खारट. अजून चावला. खारट, आणि दाताखाली काहीतरी मऊ. जे अठ्ठावीस वर्षं पाळलं ते मी एका घासात मोडलं आणि हाती मिठाशिवाय काही लागलं नाही. थुंकावं की गिळावं, तेही सुचेना. गिळलं.

मुळ्याचा पाला परतला, उंडो रसात बुडवला, फडक्यात गुंडाळून गरमगरम घेऊन गेलो. पात्रांव खुर्चीत बसला होता, नवा सदरा घालून, बॅगा दारात. त्यानं फडकं उलगडलं आणि नाक जवळ नेलं. क्षणभर थांबला. माझ्याकडे बघितलं. मग खायला लागला. सावकाश, एकेक घास, सगळा खाल्ला. बोटं पुसली. मी वाट बघत होतो, आता पावाबद्दल बोलेल. पोदेराला एक शिवी तरी देईल.

त्यानं माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाला, "बरें जालें, बाब्लो. खूब बरें जालें."

मी म्हटलं, "पाव शिळो आसलो, पात्रांव."

"ना, ना," तो म्हणाला. "पाव बरो. सगळें बरें."

टॅक्सी आली. भाचीनं त्याला धरून बसवलं. काचेतून तो हात हलवत राहिला, वळणापर्यंत.

घरी आलो तेव्हा शेवंती पोचली होती. विहिरीवर बादली भरलेली, दोरीवर पंचा. इतक्या वर्षांनी, नोकरी सुटल्यावरही, तिला आठवण होती. मी शर्ट काढायला लागलो. ती नेहमीसारखी चार हात लांब थांबली, आणि मग जवळ आली. अगदी जवळ, कधी यायची नाही तशी. माझ्या छातीशी नाक आणून तिनं वास घेतला.

"जिऱ्याचो वास येता," ती म्हणाली. "ह्यो तुमचो वास न्हय. तुमका सदां बडीशेपेचो येय."

 ती स्वयंपाकघरात गेली. फळीवरची बरणी काढल्याचा आवाज आला, मग दुसरी. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात रिकामी बरणी होती.

"फोन केल्लो मा तुमी," ती म्हणाली. "ह्याच विचारूक केल्लो?"

मी मान हलवली.

"कधीपासून नाय?"

"पयल्यापासून. इलोच नाय."

"आणि बांगडो?"

"धूर दिसलो."

 ओटीचं ती काही बोलली नाही, देवीचं काही बोलली नाही. बरणी विहिरीच्या काठावर ठेवली, दोरीवरचा पंचा काढून घडी घातला आणि म्हणाली, "आज न्हाव नकात. येवा भितर."

हे शब्द ऐकायला मी अठ्ठावीस वर्षं थांबलो होतो. ती दार उघडं ठेवून आत गेली. त्या घासाचं मी तिला अजून सांगितलं नव्हतं. मी तिथंच दगडावर बसलो, बादली ओढली आणि आंघोळ केली, दोनदा साबण लावून.